सोळाव्या वर्षी अकादमीने सोडलं; जेमी वार्डीचं उदाहरण आपल्या मुलाला लागू पडतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. लीड्सला राहणाऱ्या एका ताईंचा मुलगा सहा वर्षं एका व्यावसायिक क्लबच्या अकादमीत स्ट्रायकर म्हणून खेळत होता. या उन्हाळ्यात, सोळाव्या वर्षी, "अंगापिंडाने कमी पडतो" असं सांगून त्याला सोडून दिलं. मुलगा म्हणतो, लेस्टर सिटीचा गाजलेला स्ट्रायकर जेमी वार्डी, त्यालाही याच वयात याच कारणासाठी हाकललं होतं, मीही कॉलेज सोडून खेळतो. वडील म्हणतात, खूळ पुरे झालं. त्यात एका एजंटने परदेशात ट्रायल लावून देतो म्हणून पैसे मागितलेत. ताई विचारतात, वार्डीचं उदाहरण खरंच घेण्यासारखं आहे का, आणि आता नेमकं करायचं काय?

ताई, आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे उत्तर कुठून येतंय ते कळेल. मी मूळचा कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पेठांच्या मॅचेस बघत वाढलो, स्वतः लेफ्ट बॅक म्हणून यथातथाच खेळलो. साउथ यॉर्कशायरमध्ये येऊन वीसेक वर्षं झाली. पोटासाठी नोकरी वेगळी, पण आठवड्यातल्या दोन संध्याकाळी आणि अख्खा शनिवार नॉन-लीग क्लबांमधल्या तरुण पोरांच्या कोचिंगमध्ये जातो. वरच्या चार डिव्हिजन, म्हणजे ९२ क्लब सोडले की खाली जे काही उरतं त्याला इथे नॉन-लीग म्हणतात. अकादम्यांनी सोडलेली पोरं जुलै-ऑगस्टमध्ये आमच्याकडेच येतात. पहिल्या दिवशी जुन्या क्लबचा ट्रॅकसूट घालून येतात. तो ट्रॅकसूट घरी ठेवून यायला साधारण महिना जातो.

वार्डीचं उदाहरण घ्या, माझी काही हरकत नाही. पण घेणार असाल तर अख्खं घ्या. पोरं पहिला सीन घेतात, क्लबने हाकललं; आणि शेवटचा घेतात, हातात प्रीमियर लीगची, म्हणजे इथल्या सर्वांत वरच्या लीगची ट्रॉफी. मधली तेरा वर्षं कापून टाकतात, आणि तुमच्या मुलाच्या कामाचं जे काही आहे ते त्या तेरा वर्षांतच आहे.

जेमी वार्डीचा जन्म ११ जानेवारी १९८७ चा, शेफिल्डचा. घरचा, मनातला क्लब शेफिल्ड वेन्सडे. त्याच क्लबच्या युवा संघात होता आणि तिथूनच सोळाव्या वर्षी "लहानखुरा" म्हणून त्याला काढलं. काही महिने त्याने बूट पायात घातले नाहीत. मग स्टॉक्सब्रिज पार्क स्टील्स या क्लबच्या युवा संघात गेला. शेफिल्डजवळचं हे पोलादाच्या कारखान्यांचं गाव, म्हणून क्लबच्या नावातही स्टील. २००७ मध्ये तिथल्या मुख्य संघात आला. मानधन आठवड्याला ३० पाऊंड. दिवसा कारखान्यात काम, पायाला आधार द्यायच्या वैद्यकीय पट्ट्या, ज्यांना स्प्लिंट म्हणतात, त्या बनवायचं. संध्याकाळी ट्रेनिंग, शनिवारी मॅच.

त्याच वर्षी पबबाहेर मारामारी झाली. आपण एका मित्राच्या बाजूने मध्ये पडलो असं तो सांगतो. त्या मित्राला कानाने ऐकू येत नव्हतं आणि त्यावरून त्याला कुणीतरी चिडवत होतं. कोर्टाने मात्र दोषी ठरवलं आणि सहा महिने पायात इलेक्ट्रॉनिक टॅग बांधला. संध्याकाळी ठरलेल्या वेळी घरात नसलास तर गुन्हा. बाहेरगावच्या मॅचला हा तासभर खेळायचा, मॅनेजर त्याला बदलायचा, आणि हा कुंपणावरून उडी मारून आईवडिलांच्या गाडीत बसून घराकडे सुटायचा. तुमच्या मुलाला हा प्रसंग ऐकून मजा वाटेल. त्याला विचारा, साठाव्या मिनिटाला तुला रोज बाहेर काढलं तर तू पुढच्या मॅचला येशील का? अकादमीत वाढलेल्या पोरांना बदली खेळाडू म्हणून बसवलं तरी त्यांचे बाप मला रात्री फोन करतात.

स्टॉक्सब्रिजसाठी १०७ सामन्यांत ६६ गोल. २०१० मध्ये हॅलिफॅक्स टाउनने १५,००० पाऊंड मोजून त्याला घेतलं आणि पहिल्याच हंगामात तो क्लब आपली लीग जिंकून वर गेला. २०११ च्या ऑगस्टमध्ये फ्लीटवूड टाउन. तिथे लीगमध्ये ३१ गोल, आणि फ्लीटवूड इतिहासात पहिल्यांदा फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे वरच्या चार डिव्हिजनमध्ये पोचलं. मग मे २०१२, लेस्टर सिटी, दहा लाख पाऊंड. नॉन-लीगमधल्या खेळाडूसाठी एवढी रक्कम तोवर कुणी मोजली नव्हती. वय २५. प्रीमियर लीगमधली पहिली मॅच त्याच्याही दोन वर्षांनंतर, २७ पूर्ण झाल्यावर.

आता यातली पायऱ्यांची गोष्ट नीट बघा, कारण माझं सगळं म्हणणं तिच्यावर उभं आहे. इंग्लिश फुटबॉलची उतरंड वरून मोजली तर स्टॉक्सब्रिज आठव्या पायरीवर होतं. २००९ मध्ये ते सातव्या पायरीवर आलं, हॅलिफॅक्सही सातवीवरच. फ्लीटवूड पाचवीवर. लेस्टर तेव्हा दुसरीवर. आणि २०१४ मध्ये लेस्टर पहिलीवर. वेन्सडेने त्याला हाकललं तेव्हा तो खड्ड्यात पडला नाही, शिडीच्या खालच्या पायरीवर पडला. ती पायरी वरच्या पायरीला जोडलेली होती. तुम्ही गोल मारत राहिलात तर वरच्या क्लबचा माणूस शनिवारी थर्मासमधला चहा पीत कठड्याला टेकून उभा राहणारच, कारण त्याचं कामच ते आहे. आमच्या कोल्हापुरात पेठेच्या मॅचला मैदान भरून गर्दी व्हायची, हाणामारीपर्यंत ईर्ष्या असायची, आणि पायात जादू असलेले स्ट्रायकर मी तिथे डोळ्यांनी पाहिलेत. पण ती स्पर्धा जिंकून वरच्या लीगमध्ये जायची वाट नव्हती. पंचविसाव्या वर्षी ते बँकेच्या नाहीतर पोलिसांच्या टीमकडून खेळायला लागायचे, आणि तेही नशीबवान म्हणायचे. तुमचा मुलगा यॉर्कशायरमध्ये आहे. घरापासून तासाभराच्या अंतरात त्याच्यासाठी दोन-तीन पायऱ्यांवरचे डझनभर क्लब आहेत. वार्डीच्या गोष्टीतला तुम्हाला खरोखर उपलब्ध असलेला भाग हा. जिद्दबिद्द सगळ्यांकडे असते, निदान ऑगस्टमध्ये तरी.

पण शिडी सगळ्यांनाच असते, मग वर तोच का गेला? इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझं काम हेच आहे.

वार्डीची एकच गोष्ट आठव्या पायरीवर चालली आणि पहिल्या पायरीवरही तशीच चालली. त्याची रन, म्हणजे पास येण्याआधी डिफेंडरच्या मागे गोलकडे घेतलेली धाव. वेग होताच, पण वेगवान पोरं मला दरवर्षी चार मिळतात. वार्डी शेवटच्या डिफेंडरच्या मागच्या खांद्यापाशी उभा राहतो. समोर नव्हे, बाजूलाही नव्हे. डिफेंडरला बॉल बघायचा असेल तर वार्डी दिसत नाही, वार्डी बघायचा तर बॉल दिसत नाही. डिफेंडर दर दोन-तीन सेकंदांनी मान वळवून खात्री करतो. त्याने मान परत बॉलकडे वळवली की हा दोन पावलं जागा बदलतो. आणि पळायला सुरुवात कधी करतो? पास देणाऱ्याने मान खाली घालून बॉलकडे बघितलं त्या क्षणी. म्हणजे पाय मागे गेला, आता बॉल सुटणार. बॉल सुटल्यावर पळणारा पोचत नाही, आधी पळणारा ऑफसाइड, म्हणजे पास सुटताना डिफेंडरच्या पुढे गेलेला, म्हणून नियमाने बाद. या दोन्हींच्या मधलं अंतर अर्ध्या सेकंदाचंही नसतं.

२०१५ च्या नोव्हेंबरमधला मँचेस्टर युनायटेडविरुद्धचा गोल मुलाला दाखवा. युनायटेडचा कॉर्नर, लेस्टरचा गोलकीपर श्मायकेल बॉल पकडतो आणि लगेच आपल्या डिफेंडरकडे, फुक्सकडे फेकतो. फुक्स बॉल घेऊन पुढे पळतोय. वार्डी उजव्या बाजूने, डिफेंडरच्या पाठीमागून. सगळे फक्त शेवटचा शॉट बघतात, युनायटेडचा गोलकीपर डे हेआच्या पलीकडच्या कोपऱ्यात गेलेला. तुम्ही तो शॉट बघूच नका. मागे न्या, आणि फुक्सने बॉल सोडायच्या आधीचे तीन सेकंद फक्त वार्डीकडे बघा. तो सरळ रेषेत पळत नाही, किंचित बाहेरून वळसा घेतो. त्यामुळे ऑफसाइडच्या रेषेच्या अलीकडे राहतो, आणि बॉल येतो तेव्हा अंग गोलकडे वळलेलं असतं. पहिला टच घ्यायच्या आधीच निम्मं काम झालेलं. त्या गोलने सलग ११ प्रीमियर लीग सामन्यांत गोल करायचा विक्रम झाला; आधीचा दहाचा व्हॅन निस्टलरॉयच्या नावावर होता. त्या ११ सामन्यांत एकूण १३ गोल, त्यातले तीन पेनल्टीवरचे.

दुसरा गोल फेब्रुवारी २०१६ चा, लिव्हरपूलविरुद्ध. लेस्टरच्याच महरेझने आपल्याच हाफमधून उंच लांब पास टाकला. बॉल एकदा टप्पा खाऊन वर आला आणि वार्डीने लांबूनच, खाली येऊ न देता, गोलकीपरच्या डोक्यावरून आत घातला. लोक म्हणाले, काय नेम! मी म्हणतो, काय नजर. बॉल हवेत असताना त्याने एकदा गोलकीपरकडे बघून घेतलं होतं. लिव्हरपूलचा गोलकीपर मिन्योले लाइन सोडून पुढे आलाय हे त्याला बॉल येण्याआधी माहीत होतं.

त्या वर्षी लेस्टरचा सगळा खेळच अशा रनवर रचलेला होता. बॉल फार वेळ पायात ठेवायचा नाही. मिडफिल्डर कांटे बॉल हिसकावणार, ड्रिंकवॉटर नाहीतर महरेझ पुढे टाकणार, वार्डी मागे धावणार. मॅनेजर रानिएरीने दुसऱ्या एखाद्या मोठ्या क्लबसारखा छोट्या पासांचा खेळ लावला असता तर वार्डीचे २४ गोल झाले नसते असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणजे बघा, शिडी पाहिजे, हुकमी कसब पाहिजे, आणि त्या कसबाला गिऱ्हाईक असलेली टीमही मिळाली पाहिजे. तिसऱ्या गोष्टीवर कुणाचाच ताबा नसतो.

आता अंगापिंडाबद्दल. "कमी पडतो" हे सोळाव्या वर्षी सांगणं म्हणजे जूनमध्ये विहिरीचं पाणी मोजण्यासारखं आहे. काही मुलं चौदाव्या वर्षी दाढी करतात, काही अठराव्या वर्षी. वार्डी आज पाच फूट दहा इंच आहे, म्हणजे स्ट्रायकर म्हणून मध्यमच, पण कुणी "लहानखुरा" म्हणणार नाही. काही अकादम्या आता वयाऐवजी शारीरिक वाढीप्रमाणे गट पाडून सामने खेळवतात. हे शहाणपण वार्डीच्या वेळी नव्हतं. ही चूक मी स्वतःही केलीय, दुसऱ्याकडे बोट दाखवत नाही. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका पंधरा वर्षांच्या पोराला मी "पुढच्या वर्षी बघू" म्हणून परत पाठवलं. धक्का लागला की पडायचा. पुढच्या वर्षी तो आला, पण पलीकडच्या टीमकडून, माझ्या सेंटर बॅकपेक्षा अर्धा फूट उंच. दोन गोल मारले आणि मॅच संपल्यावर येऊन हात मिळवून गेला. "कोच, मी तोच," एवढंच म्हणाला. मी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटलो.

या उलट्या बाजूचं उदाहरण तुमच्याच गावात घडलेलं आहे. मायकेल ओवेन. लिव्हरपूलच्या अकादमीतून वर आलेला, १८ व्या वर्षी १९९८ च्या वर्ल्ड कपमध्ये इंग्लंडकडून अर्जेंटिनाविरुद्ध गाजलेला गोल. २००१ मध्ये युरोपातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून बॅलन डी'ऑर. पण त्याच्याही आधी, एप्रिल १९९९ मध्ये, तुमच्या लीड्समधल्या मैदानावर पळताना मांडीमागचा स्नायू फाटला. वय १९. त्यानंतर आपला वेग कधीच तसा राहिला नाही असं त्याने स्वतःच नंतर सांगितलंय. २०१३ मध्ये, ३३ व्या वर्षी थांबला. शेवटची वर्षं बेंचवर आणि फिजिओच्या खोलीत गेली. वार्डी त्याच ३३ व्या वर्षी, २०१९-२० मध्ये, २३ गोल मारून प्रीमियर लीगचा गोल्डन बूट, म्हणजे सर्वाधिक गोलांचा मान घेऊन गेला. तो बूट मिळवणारा सर्वांत वयस्क खेळाडू. आता हा माझा अंदाज आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे: सतराव्या वर्षापासून दर तीन दिवसांनी वरच्या दर्जाची मॅच खेळलेल्या पायांत आणि चोविसाव्या वर्षापर्यंत आठवड्याला एक-दोन मॅच खेळलेल्या पायांत फरक राहतोच. वार्डीच्या पायांचं मीटर उशिरा सुरू झालं. उशीर म्हणजे नुसतं नुकसान नसतं, हे वडिलांना सांगून बघा.

मुलाला मात्र पुढचा भाग सांगा, तो त्याला आवडणार नाही. लेस्टरमधलं पहिलं वर्ष वार्डीला झेपलं नाही. लीगमध्ये २६ सामने, चार गोल. लोक इंटरनेटवर शिव्या घालत होते. आयुष्यात पहिल्यांदा हातात पैसा आलेला. दारू वाढली, ट्रेनिंगला नशेत आल्याचंही क्लबच्या मालकांच्या मुलाने पुढे एका मुलाखतीत सांगितलं. त्याने बोलावून विचारलं होतं, तुला आयुष्याचं करायचं काय आहे? वार्डीच्या मनात फुटबॉल सोडायचं आलं होतं. मॅनेजर पिअरसन आणि त्यांचे सहायक शेक्सपिअर यांनी बसवून समजावलं, तू इथे खेळण्याच्या लायकीचा आहेस म्हणून. पुढच्या वर्षी १६ गोल आणि लेस्टर चॅम्पियनशिप, म्हणजे ती दुसरी पायरी, जिंकून वर. दहा लाख पाऊंड मोजले होते म्हणून त्यांनी सबुरी धरली असं कुणी म्हणेल, आणि त्यात तथ्यही असेल. दहा हजाराला आणलेल्या पोराला एवढी सबुरी मिळत नाही. मी पाहिलंय.

आणि २०१५ च्या उन्हाळ्यात कॅसिनोत एका आशियाई माणसाला उद्देशून त्याने वंशद्वेषी शब्द वापरले, त्याचा व्हिडिओ बाहेर आला, माफी मागितली, क्लबने दंड केला. हे मी मुद्दाम लिहितोय. तुमच्या मुलाच्या भिंतीवर ज्याचं पोस्टर आहे त्याने हेही केलंय. आपल्या पोरांना नॉन-लीगच्या मैदानावर असे शब्द कधीमधी ऐकावे लागतात, म्हणून तर आणखीच. त्याच्या रनचा अभ्यास करा. माणूस म्हणून देव्हाऱ्यात बसवायची गरज नाही. मॅचच्या दिवशी तीन रेड बुल, आदल्या रात्री पोर्ट वाइन, हेही त्याने स्वतः सांगितलेलं आहे. त्याचं शरीर त्याला माफ करत गेलं. माझ्याकडच्या एका पोराने रेड बुलचं अनुकरण केलं आणि हाफ टाइमला बाथरूममधून बाहेर आलाच नाही.

बाकीचं तुम्हाला माहीत असेलच, भराभर सांगतो. २०१५-१६ मध्ये लेस्टर सट्टेबाजांच्या ५००० ला १ या भावावरून प्रीमियर लीगचे विजेते झाले. २ मे २०१६ ला पाठलाग करणाऱ्या टॉटनहॅमची चेल्सीशी मॅच २-२ अशी सुटली आणि विजेतेपद पक्कं झालं, तेव्हा सगळी टीम वार्डीच्या घरी टीव्हीसमोर होती. पत्रकारांनी त्याला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू निवडलं. त्याच उन्हाळ्यात आर्सेनलने बोलावलं, हा गेला नाही. मला वाटतं त्याच्या करिअरमधला हा सर्वांत हुशार निर्णय, कारण आर्सेनलचा खेळ त्याच्या रनला पोसणारा नव्हता. इंग्लंडसाठी २६ सामने, सात गोल. २०१८ च्या वर्ल्ड कपनंतर स्वतःहून बाजूला झाला. २०२१ मध्ये लेस्टरबरोबर एफए कप, म्हणजे खालपासून वरपर्यंतच्या क्लबांची बाद फेरीची स्पर्धा. ज्याने स्टॉक्सब्रिजकडून त्या कपच्या सुरुवातीच्या पात्रता फेऱ्या खेळल्या, तो वेम्बलीवरच्या अंतिम सामन्यात उतरला. २०२३ मध्ये लेस्टर खाली गेलं, हा थांबला आणि वर घेऊन आला. मे २०२५ मध्ये इप्सविचविरुद्ध लेस्टरसाठी त्याची ५०० वी आणि शेवटची मॅच, आणि त्याच मॅचमध्ये २०० वा गोल. असे आकडे कुणी जुळवून लिहिले असते तर संपादकाने खोडले असते. मग ३८ व्या वर्षी इटलीत क्रेमोनेसेकडे गेला.

आता तुमच्या घरातला प्रश्न.

कॉलेज सोडायचा विषयच काढू नका. इंग्लंडमध्ये १८ पर्यंत शिक्षण किंवा प्रशिक्षण कायद्याने लागतंच, त्यामुळे हा वाद आपोआप मिटतो. फुटबॉल कार्यक्रम असलेली सिक्स्थ फॉर्म (आपल्याकडच्या अकरावी-बारावीसारखी) आणि कॉलेजं तुमच्या भागात आहेत; सकाळी वर्ग, दुपारी ट्रेनिंग, बुधवारी मॅच. वार्डी कारखान्यात जात होता म्हणून त्याचं फुटबॉल बिघडलं नाही. तुमच्या मुलाचं गणित शिकून बिघडणार नाही.

क्लब निवडताना नाव बघू नका, मिनिटं बघा. पोरांना वाटतं, अकादमीने सोडलं तर निदान दुसऱ्या अकादमीची ट्रायल तरी. सहा आठवडे ट्रायलवर ट्रायल देत फिरतात आणि हंगाम सुरू होतो तेव्हा कुठल्याच टीममध्ये नसतात. मी म्हणतो, सातव्या-आठव्या पायरीवरच्या क्लबच्या १८ वर्षांखालील संघात जा. तिथे दर आठवड्याला नव्वद मिनिटं मिळतील, आणि चांगला खेळलास तर मोठ्यांच्या संघासोबत मंगळवारी ट्रेनिंगला बोलावतील. तो मंगळवार महत्त्वाचा. पस्तिशीचा सेंटर बॅक, दिवसभर प्लंबिंगचं काम करून आलेला, पहिल्या पाच मिनिटांत कोपर लावून दाखवतो की हे अकादमीतलं कृत्रिम गवत नाही. लहान चणीच्या स्ट्रायकरला तिथेच कळतं की अंगाला अंग भिडायच्या आधी निघायचं असतं. वार्डी जे शिकला ते असल्याच मैदानांवर शिकला असणार. पहिल्या क्लबला विचारायचे प्रश्न दोनच: गेल्या वर्षी तुमच्या युवा संघातली किती मुलं मुख्य संघाकडून खेळली, आणि मैदानावर फिजिओ असतो का? उत्तर देताना चाचरले तर दुसरा क्लब बघा.

घरी एक गोष्ट तुम्ही स्वतः करू शकता, फुटबॉलमधलं काही कळत नसलं तरी. पुढच्या मॅचला फोनवर व्हिडिओ काढा, पण बॉलचा नव्हे, फक्त मुलाचा. दहा मिनिटं पुरे. मग त्याच्याबरोबर बसून मोजा, बॉल दुसऱ्याच्या पायात असताना त्याने किती वेळा मागे वळून डिफेंडर कुठे आहे ते पाहिलं, आणि किती वेळा उगाच उभा राहिला. माझ्याकडे नव्याने येणाऱ्या पोरांचा पहिला व्हिडिओ लाजिरवाणा असतो. बॉल नसताना ते प्रेक्षक असतात. तुमच्या मुलाचा आकडा दोन-तीन महिन्यांत सुधारला नाही, आणि तरी त्याला फरक पडत नसेल, तर वडिलांचं म्हणणं मी ऐकेन. सुधारला, तर एकविसाव्या वर्षापर्यंत त्याला मोकळीक द्या. वार्डी एकविसाव्या वर्षी अजून आठव्या पायरीवर होता.

तो एकटाच नाही हेही सांगा. रिकी लॅम्बर्ट या स्ट्रायकरला लिव्हरपूलने पंधराव्या वर्षी सोडलं, मधे बीट बरण्यांत भरणाऱ्या कारखान्यात कामाला होता. ३१ व्या वर्षी इंग्लंडकडून पहिल्यांदा उतरला आणि स्कॉटलंडविरुद्ध पहिल्याच टचला हेडरने गोल. पुढे आर्सेनलचा गाजलेला स्ट्रायकर झालेला इयन राइट २१ पूर्ण होईपर्यंत रविवारच्या आणि स्थानिक लीगमध्येच खेळत होता. पण या तिघांच्या नावांमागे ज्यांची नावं कुणाला माहीत नाहीत असे हजारो आहेत, त्यातले बरेच माझ्याबरोबर शनिवारी कठड्याला टेकून चहा पितात. सुखी आहेत. आठवड्याला पन्नास-साठ पाऊंड आणि मॅचनंतर क्लबमध्ये खायला गरम पाई, यासाठी ते पंधरा वर्षं खेळले. तुमचा मुलगा त्यांच्यापैकी एक होण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे, आणि हे त्याला आजच सांगितलेलं बरं.

एजंटला एक पैसाही देऊ नका. ज्या क्लबला खेळाडू हवा असतो तो ट्रायलचे पैसे मागत नाही. इंग्लंडमध्ये १८ खालच्या खेळाडूचं काम बघायला एजंटला एफएची, म्हणजे इथल्या फुटबॉल संघटनेची वेगळी परवानगी लागते आणि करारावर पालकाची सही लागते. तर त्या गृहस्थांना त्यांचा नोंदणी क्रमांक विचारा, फोनवर नको, लेखी. बहुतेक परत फोन येणार नाही.

ट्रायलचा हंगाम जूनच्या शेवटी सुरू होतो. कुठल्या क्लबात चाललाय ते कळवा. आमच्या टीमविरुद्ध मॅच असेल तर मी लाइनवर असेनच. शिट्टी माझ्या गळ्यात नसते, त्यामुळे ऑफसाइडवरून माझ्याशी भांडता येणार नाही.